काट्यावरचा नवरा

शरीरात चरबी किती आणि स्नायू किती, हे वेगवेगळं सांगणारा वजनकाटा आमच्या ह्यांनी आणला आणि घरातल्या रविवारची शांतता गेली. सगळ्यांना अनवाणी रांगेत उभं करायचं, एकेकाला काट्यावर चढवायचं आणि फोनवर आलेले आकडे शेजाऱ्यांनाही ऐकू जातील अशा आवाजात वाचायचे. "चरबी एकोणचाळीस टक्के! अगं, लाज वाटू दे जरा," हे मला, तेही नणंदेसमोर. स्वतःची मात्र एकोणीस. पोट पट्ट्यावरून ओसंडतंय आणि हे म्हणणार, "खेळाडूचं शरीर आहे!" डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, तर ती चिठ्ठीसुद्धा ह्याच जोरावर केराच्या टोपलीत गेली.

काल ह्यांचा फोन बिघडला, म्हणून लेकीने काट्याचं ॲप माझ्या फोनवर घेतलं. काटा वय आणि उंची धरून चरबी काढतो आणि ती माहिती ज्याची त्याने भरायची असते, हे मला तेव्हा कळलं. ह्यांनी वय भरलं होतं अडतीस. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, म्हणजे हे बाराव्या वर्षीच बोहल्यावर चढले! आणि उंची पाच फूट नऊ. हे चपला घालूनही माझ्या कानापर्यंतच येतात.

"आई, बाबांच्या हातून उंची चुकून जास्त भरली गेली असेल का गं?" लेकीने विचारलं.



"चुकून कसली? लग्न ठरवताना खुर्चीवरून न उठता तुझ्या आजोबांनाही हीच सांगितली होती."