पाचवी चूक

“चोवीस!” वरद ओरडला. मग त्याने मान वळवून मागे पाहिलं आणि स्वतःच पुन्हा आरोळी ठोकली, “पंचवीस!”

पन्नास पावलं मागे, कारवीच्या झुडपाआड दडलेल्या हरिचंद्र सरांनी कपाळावर हात मारून घेतला. शाळेच्या स्काउट पथकात मुलं चोवीस. सकाळी बदलापूरला बसमध्ये बसवताना त्यांनी स्वतः दोनदा मोजली होती. सहावीतला हा वरद रांगेत शेवटचा आणि दोन-दोन आकडे एकटाच म्हणतो! पथकाची नायक, नववीतली रिद्धी, त्यावर नुसती मान हलवते आणि म्हणते, “ओके, चलो!” उद्या खरंच एखादं पोर मागे राहिलं, तरी हिची गिनती चोवीस भरणारच की.

या वर्षी मुलांनी हट्टच धरला होता. बारवीच्या रानातली चढाई आमची आम्ही करणार, सर पायथ्याच्या गावात शाळेच्या ओसरीवर थांबणार. गेली तीस वर्षं ज्यांच्या शिट्टीशिवाय पथक जागचं हललं नव्हतं, त्या सरांनी शिट्टी काढून रिद्धीच्या गळ्यात घातली. “मी नाहीच असं समजा,” असंही वर म्हणाले. म्हणाले खरे, पण पोरं वळणाआड गेली आणि त्यांचा जीव ओसरीवर रमेना. निघाले गुपचूप मागोमाग. मनाशी ठरवून टाकलं, पाच चुका झाल्या की शिट्टी परत आपल्याकडे. कायमची.

चुका तर पहिल्या चढापासूनच सुरू होत्या. पोरं वरातीत चालावं तशी चालत होती, दर दहा मिनिटांनी टेकत होती. सरांच्या दुखऱ्या गुडघ्याला ते बरं पडत होतं, ती गोष्ट वेगळी. खिशातल्या डायरीत त्यांनी पहिली चूक टिपली. मग एका दगडावर पाण्याची भरलेली बाटली कोणीतरी विसरलेली दिसली. सर चरफडले, अर्धी बाटली प्यायले आणि उरलेली पिशवीत टाकली. पुढे दोन वाटा फुटत होत्या तिथे दगडांचा बाण मांडलेला. अरे, मागून कोणी येणारच नाही तर या खुणा कोणासाठी? आणि कातळाच्या निसरड्या टप्प्यावर तर कहर झाला. वरच्या झाडाला दोरी बांधून खाली सोडली होती. गाठ अगदी सरांनी शिकवलेली. पण सगळे वर चढले आणि दोरी तशीच लटकत ठेवून पुढे गेले! पथकाची दोरी! सर तिला धरूनच वर आले, तिची गाठ सोडली, वेटोळं करून खांद्याला अडकवलं. चूक चौथी.

आता ही गिनती. ‘पाच,’ त्यांनी डायरीत लिहिलं आणि खाली जोरात रेघ मारली. झालं. माथ्यावर पोचायचं, सगळ्यांसमोर जायचं आणि शिट्टी मागून घ्यायची. त्या तिरीमिरीत त्यांनी पाऊल टाकलं, खडीवरून पाय सटकला आणि घोटा करकचून मुरगळला.

कळ मस्तकात गेली. उठायला गेले तर उठवेना. फोनला रेंज नाही. हाक मारावी, तर कोणत्या तोंडाने? सर मूग गिळून बसून राहिले. मुलांचे आवाज वळणाआड गेले, मग विरून गेले. रान एकदम मोठं झालं. या वाटेने पंचवीस-तीस वेळा आलेल्या सरांना आज पहिल्यांदा इथे भीती वाटली.

मग वरून, लांबून, पुन्हा गिनती ऐकू आली. एक, दोन, तीन... आकडे एकामागून एक आले. तेवीस. “चोवीस!” हा वरद.

सर वाट पाहत राहिले. पुढे काहीच नाही.

‘आत्ता बरोबर मोजलं पोराने,’ ते पुटपुटले. तेवढ्यात त्यांचीच शिट्टी लांबलचक वाजली आणि रिद्धीचा आवाज आला, “पथक थांब! एक कमी आहे!”

कोण राहिलं? कोणाचं पोर? सर तशाच पायाने पुन्हा पुन्हा उठायची धडपड करत राहिले, आणि थोड्या वेळाने कारवी बाजूला सारत रिद्धी थेट त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मागे दोन मुलगे, हातात काठ्या.

“सर, हलू नका,” ती म्हणाली. आवाज अगदी त्यांचाच. गळ्यातला स्कार्फ सोडून ती त्यांचा घोटा बांधायला लागली.

“अगं, आधी त्या पोराला शोधा! कोण राहिलंय?”

रिद्धीने वर पाहिलं. “सर, दोरी सोडून आणलीत ना? उतरताना लागेल. जो सगळ्यात मागे असेल त्याने दोरी सोडून आणायची, असं तुम्हीच तर शिकवलंय.”

सरांनी खांद्यावरच्या दोरीला हात लावला. पिशवीतली बाटली आठवली. दगडांचा बाण आठवला. ती वरातीची चाल आठवली, आणि दर दहा मिनिटांनी आपल्या गुडघ्याला मिळालेली विश्रांतीही. त्यांचे डोळे भरून आले. एवढ्याएवढ्या पोरांनी सकाळपासून त्यांना सांभाळून आणलं होतं, आणि कळूसुद्धा दिलं नव्हतं.

“मी नाहीच असं समजा म्हटलं होतं ना,” ते कसेबसे बोलले.

“समजलो ना सर. म्हणून तर हाक नाही मारली,” रिद्धी म्हणाली. “पण गिनतीतून कसं काढणार?”

दोघांच्या खांद्यांवर हात टाकून सर वर आले. रांग उभीच होती. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलं नाही. वरदने सरकून आपल्या शेजारी जागा केली. सर तिथे उभे राहिले.

“गिनती कर!” रिद्धीने हुकूम दिला.

आकडे धावत आले. “चोवीस!” वरद ओरडला आणि या वेळी गप्प राहिला.

तीस वर्षं सरांनी गिनती फक्त घेतली होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“पंचवीस!”