डॅरलची थ्री-नॉट-थ्री

डॅरलनं बायकोचा, जॅनीनचा चेहरा पिकअपच्या दारावर आपटला, तेव्हा तिचा भाऊ क्लाइव्ह शेडमध्ये रायफलच्या दस्त्याला जवसाच्या तेलाचा शेवटचा हात देत होता. आवाज त्यानं ऐकला. त्याचा तळहात लाकडावर क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

बिअर गरम निघाली, एवढंच कारण होतं. हिवाळ्यात तिचं मनगट मोडलं, तेव्हा तेवढंही नव्हतं. पोलिस दोनदा येऊन गेले होते. एकदा जॅनीन टूवुंबा शहरापर्यंत पळाली. डॅरलनं तिला केसांना धरून परत आणलं आणि ह्याच अंगणात, क्लाइव्हच्या देखत सांगितलं, "पुढच्या वेळी शोधायला येणार नाही. गाडायला येईन."

क्लाइव्ह साठीच्या पुढचा, खुब्यानं अधू. सैन्यानं मोडीत काढलेल्या रायफली घ्यायच्या, त्यांच्यावर थिजलेलं ग्रीस खरवडायचं, लाकूड घासून त्यात तेल मुरवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. ही ऑस्ट्रेलियाच्याच लिथगो कारखान्यातली थ्री-नॉट-थ्री त्यानं आपणहून डॅरलला देऊ केली होती. जॅनीन त्या दिवसापासून भावाशी बोललेली नव्हती.

डॅरल शेडमध्ये आला. बोटांच्या पेरांवरचं रक्त त्यानं क्लाइव्हच्या फडक्याला पुसलं आणि रायफल उचलली. लाकूड मधासारखं चमकत होतं. नळीवर काळसर निळी झाक होती. आत गोळीवर आघात करणारी पिनसुद्धा क्लाइव्हनं नवी बसवली होती.

"आयला, नवरीसारखी सजवलीस की हिला!" डॅरल म्हणाला. "बहिणीकडे एवढं लक्ष दिलं असतंस, तर जरा वळण लागलं असतं तिला."

"तेल ओलं आहे अजून," क्लाइव्ह म्हणाला. "पहिली गोळी नदीकाठच्या डुकरांवर झाड. एकटाच जातोयस ना?"

"मग काय तुला नेऊ? तुझं लंगडणं बघून डुकरं हसून मरतील. माझ्या गोळ्या वाचतील."

त्यानं पाच गोळ्या भरल्या, बाहेर जाऊन रायफल पिकअपच्या बॉनेटवर ठेवली आणि मागच्या बर्फाच्या पेटीत बिअर शोधायला वाकला. जॅनीन तिथंच उभी होती. तिच्या नाकातून रक्त गळत होतं. तिनं ते पुसलं नाही. रायफल उचलली, बोल्ट ओढून गोळी चढवली आणि नवऱ्याच्या पाठीवर नेम धरला.

क्लाइव्ह खुरडत धावला. "जॅन, नको! घोडा ओढू नकोस! खाली ठेव ती!"

तिनं मान वळवली नाही. "बंदूक तूच दिलीस त्याला. आता त्याला वाचवायलाही तूच?"

डॅरल वळला. क्लाइव्हनं सगळं अंग बहिणीवर झोकून दिलं. दोघं लाल धुळीत कोसळली. रायफल निसटून घरंगळत डॅरलच्या बुटापाशी गेली.

डॅरल हसला. आधी त्यानं जॅनीनच्या पंजावर टाच दिली. हाडं मोडल्याचा आवाज तिच्या किंकाळीतूनही ऐकू आला. "शाब्बास, क्लाइव्ह! घरात एक तरी इमानी कुत्रा आहे म्हणायचा. चल, हो बाजूला."

क्लाइव्ह हलला नाही. त्यानं जॅनीनचं डोकं छातीखाली घेतलं.

"मग दोघंही जा," डॅरल म्हणाला. त्यानं रायफल उचलून दस्ता खांद्याला टेकवला, त्यावर गाल दाबला आणि एक डोळा मिटला.

"तोंड झाक," क्लाइव्ह तिच्या कानात म्हणाला. "डोळे घट्ट मीट."

झालेला आवाज बंदुकीचा नव्हता. लोखंडी पिंप फुटावं तसा तो होता. काहीतरी गरम क्लाइव्हच्या पाठीत रुतलं. लाकडाचे तुकडे पत्र्यावर तडतडले.

डॅरल चाकाला टेकून बसला होता. बोल्ट मागे उडून त्याच्या गालात घुसला होता. डोळ्याच्या जागी काही उरलं नव्हतं. त्याच्या टाचा थोडा वेळ धुळीत आपटत राहिल्या. मग थांबल्या.

जॅनीन मोडका हात पोटाशी धरून उठली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे.

"मला का अडवलंस?"

क्लाइव्हनं दस्त्याचा एक तुकडा उचलला. त्याच्या पाठीतून रक्त शर्टावर उतरत होतं.

"ही कवायतीची रायफल होती. आतून तडकलेली. हिच्यातून गोळी झाडणाराच मरेल, म्हणून सैन्यानं दस्त्यावर पांढरा पट्टा रंगवला होता," तो म्हणाला. "महिनाभर मी तो पट्टाच घासत होतो, जॅन."