आडवा चमचा

जेवणानंतर चहा देताना तुर्की हॉटेलातला वेटर हसून म्हणाला होता, "पुरे झालं की ग्लासवर चमचा आडवा ठेवा, नाहीतर मी ओततच राहीन." तिने पहिल्याच ग्लासनंतर ठेवला. बाहेर टॅक्सी उभी होती, तिला एकटीला परदेशी नेणारं विमान काही थांबणार नव्हतं, आणि बाबा मात्र तिसऱ्या ग्लासातले निवांत घोट घेत होते. टेबलाखाली तिचा पाय नाचत होता. "बाबा, चमचा ठेवा ना! जीव टांगणीला लागलाय माझा." "हो हो, विसरलोच बघ," म्हणत बाबांनी चमचा उचलला आणि बिनसाखरेचाच चहा ढवळायला घेतला. ती चिडून बोलणार, तोच तिला आठवलं, घरी अर्ध्या कप चहानेही बाबांची छाती जळते. वेटर किटली घेऊन आला, टॅक्सीवाल्याचाही फोन आला. तिने मोबाइल पालथा घातला आणि आपल्या ग्लासवरचा चमचा हळूच उचलून बशीत ठेवला.