दवंडीचं शेपूट

देवळाच्या पायरीवर उभं राहून गावचे कोतवाल येसूनाना यांनी हलगी वाजवली, तशी कीर्तनाला जमलेली मंडळी गप्प झाली. गावची शेवटची दवंडी होती ती.

"ऐका हो ऐका! आपली ग्रामपंचायत आज मोडली. उद्यापासून आपण नगरपालिकेत, प्रभाग नऊ!"

आता उरलं शेपूट. दवंडीच्या शेवटी गावाचं नाव, मग तालुका आणि जिल्हा म्हणायची रीत होती. गजराआत्या त्याला दवंडीचं शेपूट म्हणायच्या. नानांच्या चाळीस वर्षांत तालुका बदलला, पुढं जिल्हाही फुटला, तसतसं शेपूट बदललं. सावळघाट हे गावाचं नाव तेवढं जागच्या जागी राहिलं. आज मात्र नगरपालिकेच्या साहेबांनी बजावलं होतं, "नाना, गावाचं नाव घ्यायचं नाही हं. नुसतं प्रभाग नऊ म्हणायचं."

नानांनी दम घेतला. पण जिभेची सवय कुठली जायला? "सावळघाट होऽऽ!"

"अहो नाना, आत्ताच मोडलंत ना सगळं?" गजराआत्या म्हणाल्या, आणि सभेत हशा पिकला. नाना ओशाळले. चाळीस वर्षांत कधी चुकली नाही ती दवंडी आज चुकली, तीही शेवटची.

"बुवा, पुन्हा म्हणू का नीट?" नानांनी हलगी पुन्हा उचलली.

कीर्तनकार बुवांनी उपरणं सावरलं. "कशाला नाना? अभंगाचे चरण बदलत जातात. ध्रुपद कधी बदलतं का?"

त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली. टाळ वाजले, आणि अख्ख्या सभेनं ध्रुपद धरलं, "सावळघाट होऽऽ!"