भोंगा वाजल्यावर

विजांचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि गोल्फ खेळणारे सगळे मैदान सोडून क्लबच्या व्हरांड्यात धावत आले. सासरेही धापा टाकत आले. सुनेचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते पुन्हा पायऱ्या उतरले आणि मोकळ्या मैदानात पळू लागले.

"बाबा, अहो, स्टिक राहिली असेल तर राहू दे! वीज पडेल अंगावर!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वर आभाळ कडाडत होतं. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस आणि एका काठीपायी हा हट्ट! मनातल्या मनात चरफडत ती त्यांच्या मागे धावली. टेकाडावर तिने त्यांचा दंड गच्च धरला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

धाप लागल्याने त्यांना बोलवेना. त्यांनी नुसतं खाली बोट दाखवलं. उतारावर मैदानाचा माळी एकटाच यंत्रावर बसून गवत कापत होता. पाठ इकडे, आणि यंत्राचा आवाज नको म्हणून कानांवर जाडजूड हेडफोन.

तिने त्यांचा दंड सोडला.

"तुम्ही मागे फिरा, बाबा," ती म्हणाली आणि जिवाच्या आकांताने हात हलवत उतारावरून धावत सुटली.