चाचणीची फेरी

“झाली की तुमची. आता एक फेरी मारा,” ड्रायव्हरकाका म्हणाले आणि सायकलसमोरून बाजूला झाले.

मावशी हॅण्डल धरून उभ्याच राहिल्या.

शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी सायकल दुरुस्ती शिकवली जाई. फी नव्हती, हत्यारं सगळ्यांची मिळून होती. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला दाखवायचं. लोकांनी टाकून दिलेल्या सायकलींमधून जो बारा रविवार खपून एक धड सायकल उभी करील, ती त्याची. अट एकच. घरी नेण्याआधी तिच्यावरून आवारात स्वतः एक फेरी मारून दाखवायची. आपण बसवलेल्या ब्रेकवर पहिला भरवसा आपणच टाकायला हवा, असं काकांचं म्हणणं होतं. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती.

मावशींनी एकही रविवार चुकवला नव्हता. शेडमध्ये डुगडुगणाऱ्या चाकाचा आउट काढून ते सरळ करावं ते त्यांनीच. चाक फिरवायचं, डोळा बारीक करायचा आणि कुठला आरा ढिला आहे ते सांगायचं. जन्म शिवणकामात गेलेला. त्या हातांना नट आणि छर्रे म्हणजे हुक आणि बटणं. आज सायकल त्यांची होती. सांगाडा हिरवा, पुढचं चाक एकीचं, मागचं दुसरीचं, आणि सीटला घरी शिवलेलं कव्हर, दुहेरी टीप मारून.

“गुडघा जरा धरलाय,” मावशी म्हणाल्या.

कॉलेजात जाणाऱ्या चष्मेवालीनं पाना पुसता पुसता विचारलं, “रोज आठ तास मशीनचं पायडल मारता, तेव्हा नाही धरत?”

सगळे हसले. मावशीही हसल्या.

“ते पडत नाही ना,” त्या म्हणून गेल्या.

हसणं चालूच राहिलं. काका तेवढे थांबले. त्यांनी मावशींकडे एकदा पाहिलं, मग चष्मेवालीला सांगितलं की मावशींच्या वतीनं तू फेरी मारून ये. शिकायला येणारा रद्दीवाला कुरकुरला, की माझी पाठ आखडली होती तेव्हा मला नव्हतं कुणी सोडलं. काकांना ते ऐकू आलं नाही.

चष्मेवालीनं सायकल फिरवली. एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर, आणि मग एकही जमिनीवर नाही. बारा रविवार मावशी तेवढंच बघत आल्या होत्या. तो दुसरा पाय नेमका कधी सुटतो, ते त्यांना अजून सापडलं नव्हतं. शिकायचं होतं त्यांना चालवायलाच. पण पहिल्या दिवशी शेडच्या दारात आल्यावर ते कसं विचारावं ते सुचेना, आणि तेवढ्यात कुणीतरी हातात पाना दिला.

पोरगी भिंतीजवळून वळली. खडीवर टायरची सळसळ तेवढी होती, बाकी काही वाजत नव्हतं. मावशींच्या पुढ्यात येऊन तिनं दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल जागच्या जागी थांबली.

“कळतच नाही हो आपण चालवतोय असं,” ती म्हणाली.

मावशींनी हॅण्डल परत हातात घेतलं. काकांनी खाली वाकून सीटचा नट सैल केला आणि सीट चांगली वीतभर खाली घेतली. इतकी, की बसलेल्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. सीट एवढी खाली कुणासाठी ठेवतात हे शेडमधल्या कुणालाही ठाऊक होतं. मावशींनी स्वतः दोन नव्या पोरांना ते शिकवलं होतं.

“सध्या एवढीच राहू दे,” काका नटाकडे बघत म्हणाले. “वर काय, केव्हाही घेता येते.”

मावशींचे कान तापले. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या.

घर दोन मैलांवर होतं. मावशी फुटपाथच्या कडेनं सायकल हातात धरून निघाल्या. उतार लागला तशी ती पुढे ओढू लागली, तेव्हा त्यांनी हलकेच ब्रेक दाबला. ब्रेक लागला.

मागून एक बाई सायकलवरून आल्या. त्यांच्याच वयाच्या, हॅण्डलला भाजीची पिशवी. थोडं पुढे जाऊन त्या थांबल्या, फुटपाथला एक पाय टेकवला.

“पंक्चर का?”

“हो,” मावशींच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी पंप काढला, उतरल्या, आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. मग पुढच्या. अंगठा आत जाईना.

“हवा तर ठासून भरलीय.”

बाई पंप हातात धरून थांबल्या. त्यांना घाई दिसत नव्हती.

“तुम्ही कितव्या वर्षी शिकलात?” मावशींनी विचारलं.

“सायकल?” बाईंनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठी घालून. “नाही सांगता येत हो. येतच होती.”

मावशींनी मान हलवली. आणखी काही विचारायचं असेल असं वाटून बाई क्षणभर घुटमळल्या. मग पंप जागेवर लावून त्या निघाल्या. त्यांची चेन करकरत होती.

“तेल द्या चेनला,” मावशी मागून म्हणाल्या. “कोरडी पडलीय.”

वळून न बघता बाईंनी हॅण्डलवरचा एक हात उचलून वर केला, आणि तो तसाच हवेत ठेवून कोपऱ्यावरून डावीकडे वळल्या.