हितसंबंध

शपथेवर सांगितलं तरी कुणी खरं मानणार नाही. नेटवरचे, कुणालाही बदलता येणारे आरोग्यविषयक लेख आम्ही काही रिकामटेकडी मंडळी फुकटात तपासतो. त्यातल्या एका आजाराच्या लेखातली 'रुग्ण बहुधा दोनच वर्षं जगतो' ही ओळ कुणीतरी रोज खोडायचं. औषधकंपनीचाच माणूस असणार, असा सगळ्यांना संशय. आणि चोर शोधायचं काम मंडळींनी कुणावर टाकावं? माझ्यावर!

हा किस्सा मी बायकोला रंगवून सांगितला.

"मग, सापडला का?" त्याच आजाराच्या गोळ्या तळहातावर घेत तिनं विचारलं.

"छे! महाबिलंदर आहे. सहा महिने झाले, हाती लागत नाही."

तिनं गोळ्या गिळल्या, पेला खाली ठेवला.



"पुरे करा हो आता, दमलात. तुम्ही खोडायच्या आधीच वाचली होती मी ती ओळ."